नट नरम निघाला, तर कळवायचे कोणी आणि कधी?

या वेळच्या टपालात अणुवीज केंद्रांना पुरवल्या जाणाऱ्या नट-बोल्टांविषयी चार पत्रे आली आहेत. पहिल्या पत्रातील अडचण ताजी असून तिच्यावर लगेच काही करणे आवश्यक आहे, म्हणून त्याच्या उत्तराला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी मूळची पश्चिम महाराष्ट्रातली असून गेली सहा वर्षे अमेरिकेतील ओहायो राज्यात, औद्योगिक नट-बोल्ट पुरवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या क्वालिटी विभागात नोकरी करते. आमच्या काही ऑर्डरी अणुवीज केंद्रांच्या असतात आणि त्यांवर ‘10 सीएफआर भाग 21 लागू’ (सीएफआर म्हणजे अमेरिकेची केंद्रीय नियमसंहिता) असे छापलेले असते. गेल्या महिन्यात एक इंची ‘टू-एच’ (उष्णोपचार केलेल्या पोलादी नटांचा एक दर्जा) नटांच्या एका लॉटमधून गोदामात उरलेले दहा नट मी सहज तपासले, तेव्हा त्यांपैकी चार नटांचे काठिण्य रॉकवेल सी मोजपट्टीवर 18 ते 21 भरले. उत्पादकाच्या टेस्ट सर्टिफिकेटवर मात्र 28 हा आकडा आहे. याच लॉटमधील 300 नट दोन केंद्रांना याआधीच रवाना झाले आहेत. मी नापसंतीचा (माल अटींत बसत नसल्याचा) अहवाल लिहून दिला, पण माझे वरिष्ठ म्हणतात की उत्पादकाचे उत्तर येईपर्यंत थांबावे, उगाच गवगवा नको. मी थांबावे का? आणि न थांबल्यास माझ्या नोकरीचे काय? (नाव न छापण्याची विनंती.)

उत्तर : आपण थांबू नये. मात्र आधी मोजमाप पक्के करून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे राहणार आहे. एक इंची टू-एच नटाचे काठिण्य रॉकवेल सी मोजपट्टीवर किमान 24 असावे लागते, तेव्हा 18 ते 21 हे आकडे खरे असतील तर नट निःसंशय नरम आहेत. परंतु रॉकवेल सी ही मोजपट्टी 20 च्या खाली भरवशाची राहत नाही, म्हणून तेच नट ब्रिनेल पद्धतीने (कठीण गोळी दाबून उमटलेला ठसा मोजून) पुन्हा तपासा. दुसरे असे की उष्णोपचारानंतर नटाच्या पृष्ठभागावर जो काळा थर राहतो, त्याच्या खालच्या पातळ पापुद्र्यातील कार्बन भट्टीत जळून गेलेला असू शकतो आणि त्यामुळे आतला धातू चांगला असूनही वरचा आकडा कमी येतो. नटाची बाजू घासून, स्वच्छ चकाकता धातू लागेपर्यंत खाली जाऊन मग ठसा घ्या. मी उमेदीच्या काळात एका वर्कशॉपमध्ये असाच एक अख्खा लॉट लाल चिठ्ठी लावून बाजूला काढला होता. आमच्या फोरमननी एक नट कानशीवर चार हात मारून परत मशीनवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेले; लॉट चांगला होता. ही फेरतपासणी एका दुपारचे काम आहे, तिच्यासाठी उत्पादकाच्या उत्तराची गरज नाही.

आता कायद्याकडे येऊ. अमेरिकेत 1974 च्या ऊर्जा पुनर्रचना कायद्याने अणुऊर्जेच्या नियमनासाठी न्यूक्लियर रेग्युलेटरी कमिशन ही स्वतंत्र संस्था स्थापन केली आणि त्याच कायद्याच्या कलम 206 ने केंद्र बांधणाऱ्या, चालवणाऱ्या किंवा त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीच्या संचालकांवर व जबाबदार अधिकाऱ्यांवर सदोष मालाची माहिती कमिशनला देण्याचे बंधन घातले. त्या कलमाची अंमलबजावणी कशी करायची हे सांगणारी नियमावली 1977 मध्ये निघाली. आपल्या ऑर्डरीवर छापलेला ‘भाग 21’ तो हाच.

आपले वरिष्ठ जिथे चुकत आहेत तो मुद्दा नेमका या नियमावलीतील मुदतींचा आहे. मालात खरेदी-करारातील तांत्रिक अटींपेक्षा काही वेगळे आढळले तर त्याला ‘विचलन’ म्हणतात, आणि ते विचलन सुरक्षिततेला मोठा धोका निर्माण करू शकते असे मूल्यमापनात ठरले तर त्याला ‘दोष’ म्हणतात. या मूल्यमापनासाठी 60 दिवसांची मुदत आहे आणि ती विचलनाचा शोध लागल्यापासून मोजली जाते. शोध म्हणजे काय, याचीही व्याख्या नियमावलीत दिली आहे : ज्या कागदावर ते विचलन प्रथम नोंदले गेले तो कागद पूर्ण होणे. म्हणजे आपण नापसंतीचा अहवाल लिहून सही केलीत, त्या दिवसापासून घड्याळ चालू झाले. उत्पादकाने उत्तर दिले काय, न दिले काय, वरिष्ठांची खात्री पटली काय, न पटली काय, त्या घड्याळाला फरक पडत नाही. हीच व्याख्या वाचून काही ठिकाणी अहवाल लिहायचेच टाळतात आणि तोंडी बोलण्यावर महिने काढतात. आपण लिहून दिलात, हे फार बरे केलेत.

साठ दिवसांत मूल्यमापन पुरे होणार नसेल, तर त्याच मुदतीत कमिशनकडे अंतरिम अहवाल पाठवावा लागतो, ज्यात काय आढळले, काम कुठवर आले आणि कधी संपेल हे लिहायचे असते. मूल्यमापनाअंती दोष ठरला, तर पाच कामकाजी दिवसांत ते संचालकांच्या किंवा जबाबदार अधिकाऱ्याच्या कानावर गेले पाहिजे. त्यांना कळल्यापासून दोन दिवसांत कमिशनला प्राथमिक सूचना आणि 30 दिवसांत लेखी अहवाल गेला पाहिजे. लेखी अहवालात माल कोणी बनवला किंवा पुरवला, दोष काय, त्यातून कोणता धोका संभवतो, माहिती कोणत्या तारखेला मिळाली, असा माल किती आहे व कुठे कुठे गेला आहे, दुरुस्तीचे काय काम चालू आहे, ते कोणाकडे आहे आणि ग्राहकांना काय सल्ला दिला, हे सगळे द्यायचे असते. कमिशनला याची पुरेशी माहिती आधीच लेखी मिळालेली आहे हे कंपनीला प्रत्यक्ष ठाऊक असेल, तरच वेगळे कळवण्याची गरज उरत नाही. कोणीतरी कळवले असेल, अशी समजूत पुरत नाही.

परंतु आपल्या कंपनीला बहुधा याहून जवळची वाट आहे. आपला नट केंद्रात कुठे लागला, हे पुरवठादाराला क्वचितच ठाऊक असते. एकाच पिशवीतला एक नट मुख्य वाफेच्या झडपेच्या झाकणावर (बॉनेटवर) बसतो आणि दुसरा जिन्याच्या कठड्यावर. पहिला नरम असेल तर मोठी गोष्ट, दुसरा नरम असेल तर फारसे काही नाही, आणि गोदामात बसून यातले काहीच ठरवता येत नाही. नियमावलीने हे ओळखलेले आहे. मूल्यमापन करण्याची क्षमता आपल्याकडे नाही असे पुरवठादाराने ठरवले, तर तसे ठरवल्यापासून पाच कामकाजी दिवसांत त्याने आपल्या ग्राहकांना विचलनाची माहिती द्यावी, म्हणजे ते स्वतः मूल्यमापन करतील, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित आहे. आपल्या वरिष्ठांपुढे हा मार्ग ठेवून पाहा. गवगव्याची भीती वाटणाऱ्याला दोन ग्राहकांना दोन पत्रे पाठवणे जड जाऊ नये, आणि ती पत्रे मिळाल्यावर केंद्रातील अभियंते आपल्या नोंदी उघडून कोणता नट कुठे बसला हे शोधू शकतील. 300 नटांपैकी कदाचित अर्धे अजून त्यांच्या स्टोअरच्या फळीवर असतील.

नोकरीविषयी. भाग 21 चे बंधन आणि दंड हा संचालक व जबाबदार अधिकारी यांच्यावर आहे. जाणूनबुजून माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला व्यक्तिशः आर्थिक दंड होऊ शकतो. आपल्यासारख्या कर्मचाऱ्यावर कळवण्याचे बंधन त्या स्वरूपात नाही, परंतु कोणाही व्यक्तीने ज्ञात किंवा संशयित दोष थेट कमिशनला कळवायला या नियमांची आडकाठी नाही आणि कायद्याच्या मर्यादेत तिची ओळख उघड केली जाणार नाही, असे नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे. ‘संशयित’ हा शब्द लक्षात घ्या. त्याच 1974 च्या कायद्यात पुढे कलम 211 आले, ज्यानुसार असे कळवल्याबद्दल मालकाने कामावरून काढले, बढती अडवली किंवा अन्य त्रास दिला, तर 180 दिवसांच्या आत कामगार खात्याकडे तक्रार करता येते. ही मुदत मात्र कडक असते आणि आपल्या लोकांची ती बहुतेक वेळा ‘बघू, सुधारेल’ म्हणण्यात निघून जाते. व्हिसा मालकाशी बांधलेला असल्यास आधीच वकिलाचा सल्ला घ्यावा, तो भाग माझ्या आवाक्यातला नाही.

थेट कमिशनकडे जाण्याआधी एक पायरी आहे आणि ती वगळू नये. भाग 21 लागू असलेल्या कंपनीला आपल्या कामाच्या जागेत कलम 206 ची प्रत आणि नियमावली दर्शनी लावावी लागते. पूर्ण नियमावली लावणे शक्य नसेल, तर असे दोष कोणाला कळवायचे त्या व्यक्तीच्या नावासह सूचना लावावी लागते. ती बहुधा चहा-कॉफीच्या मशीनशेजारी, सुट्ट्यांच्या यादीखाली झाकलेली सापडेल. तिच्यावर ज्यांचे नाव आहे त्यांना तारीख घालून लेखी कळवा आणि प्रत स्वतःकडे ठेवा.

आणखी एक. गोदामातील उरलेले सगळे नट ‘तपासून बघतो’ म्हणून उत्पादकाकडे परत जाऊ देऊ नका. निम्मे तरी, नरम निघालेल्या चारांसह, लॉट नंबर लिहिलेल्या पिशवीत सीलबंद करून कुलपात ठेवा. मूल्यमापनाच्या नोंदी किमान पाच वर्षे आणि माल कोणाकोणाला गेला याची नोंद माल दिल्यापासून दहा वर्षे जपायची असते. नट हातचे गेले तर त्या नोंदींत वाद घालण्यापलीकडे काही उरणार नाही.

प्रश्न : माझा पुण्यात नट-बोल्टांचा व्यापार आहे. अमेरिकेत 1980 च्या दशकात बनावट बोल्टांचे मोठे प्रकरण झाले आणि त्यातून वेगळा कायदा आला, असे आमच्या धंद्यात जुने लोक सांगतात. ते बोल्ट ताकदीच्या चाचणीत पास होत असत, असेही ऐकतो. मग ते बनावट कसे?

उत्तर : जुने लोक बरोबर सांगतात आणि आपला प्रश्न त्याहून नेमका आहे. अमेरिकन पद्धतीत बोल्टाचा दर्जा त्याच्या डोक्यावरच्या रेघांवरून ओळखतात. ‘ग्रेड 8’ च्या डोक्यावर सारख्या अंतरावर, चाकाच्या आऱ्यांसारख्या सहा रेघा असतात. ‘ग्रेड 8.2’ च्याही डोक्यावर सहाच रेघा असतात, पण त्या पंख्याच्या काड्यांसारख्या एका बाजूला एकत्र येतात. ओढ सोसण्याची ताकद दोघांचीही सारखीच, दर चौरस इंचाला किमान 1,50,000 पौंड, म्हणजे सुमारे 1,034 मेगापास्कल. फरक पोलादाचा आहे. ग्रेड 8 मध्यम कार्बनच्या मिश्रपोलादाचा असतो आणि पाणी दिल्यानंतर त्याचे टेंपरिंग (पुन्हा तापवून कडकपणा थोडा उतरवणे) किमान 427 अंश सेल्सियसला करतात, ग्रेड 8.2 कमी कार्बनच्या बोरॉन पोलादाचा, अधिक स्वस्त असतो आणि त्याचे टेंपरिंग 343 अंशांपासून चालते. कमी तापमानाला टेंपर केलेला बोल्ट पुढे गरम जागी बसवला की नरम पडू लागतो आणि आवळताना दिलेला ताण सोडू लागतो. म्हणून 8.2 चा माल 8 च्या रेघा मारून विकला, तर खोलीच्या तापमानाला ओढून पाहणाऱ्या मशीनवर तो दिमाखात पास होतो आणि गरम यंत्रावर काही महिन्यांनी ढिला पडतो. त्याला पकडायचे तर रासायनिक पृथक्करणच करावे लागते.

असा माल लष्करी सामग्रीपासून वीज केंद्रांपर्यंत पसरल्याचे उघड झाल्यावर अमेरिकन काँग्रेसमध्ये जॉन डिंगेल यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने चौकशी केली. न्यूक्लियर रेग्युलेटरी कमिशनने नोव्हेंबर 1987 मध्ये एक बुलेटिन काढून प्रत्येक केंद्राला स्वतःच्या स्टोअरमधून सुरक्षिततेशी संबंधित किमान दहा आणि संबंध नसलेले किमान दहा नमुने काढून त्यांची यांत्रिक व रासायनिक चाचणी करायला सांगितले. नमुने निवडताना केंद्रावर नेमलेला कमिशनचा निरीक्षक सहभागी असावा, ही अट मला त्यातली सर्वांत शहाणी वाटते, कारण आपल्याच स्टोअरमधला नमुना आपण निवडायचा म्हटले की हात आपोआप स्वच्छ, चकचकीत खोक्याकडे जातो. काँग्रेसने 1990 मध्ये फास्टनर क्वालिटी अॅक्ट हा कायदा केला. उत्पादक आणि व्यापाऱ्यांच्या हरकतींमुळे त्याची अंमलबजावणी अनेकदा लांबली आणि 1999 च्या दुरुस्तीने तो पुष्कळ सैल झाला. तरी दर्जाच्या खुणा असलेल्या बोल्टावर उत्पादकाचे नोंदणीकृत चिन्हही असले पाहिजे, हे त्यात टिकले. आपण निर्यात करत असाल, तर ते चिन्ह कोणाचे आहे हे सांगता न येणारा माल खरेदीच करू नका.

प्रश्न : मी रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर नट आवळले, आटे गेलेले नट बदलले, गाड्या चालत राहिल्या. एका नटासाठी अणुवीज केंद्रवाले एवढा कागद का रंगवतात?

उत्तर : एका नटासाठी कोणी रंगवत नाही. पाइपाच्या जोडावरील एका फ्लॅंजवर बारा-सोळा स्टड (डोके नसलेले, आटे पाडलेले बोल्ट) असतात आणि त्यातला एखादा कच्चा निघाला तर उरलेले भार वाटून घेतात, हे आपण माझ्याहून अधिक पाहिले असेल. मोठ्या वेस्टिंगहाउस अणुभट्टीच्या पात्राचे झाकणही 54 स्टडांनी धरलेले असते, एका-दोघांच्या भरवशावर नसते. अडचण लॉटची आहे. अणुवीज केंद्रात सुरक्षिततेची महत्त्वाची यंत्रणा दुहेरी ठेवतात, म्हणजे एक पंप बंद पडला तर त्याच्यापासून स्वतंत्र असा दुसरा चालावा. पण दोन्ही पंपांचे पाय एकाच लॉटमधल्या, एकाच भट्टीत नीट पाणी न बसलेल्या नटांनी आवळले असतील, तर ते दोन पंप कागदावर स्वतंत्र असून धक्क्याच्या वेळी एकाच कारणाने सुटू शकतात. शिवाय असे नट रोजच्या भाराला कुरकुर करत नाहीत. त्यांची परीक्षा भूकंपाच्या किंवा पाइप फुटण्याच्या दिवशी व्हायची असते आणि त्या दिवशी फिटर पाना घेऊन तिथे पोहोचू शकत नाही. रेल्वेत आपल्याला नट दररोज दिसतो. इथे पुष्कळ ठिकाणी तो बसवल्यावर पुढच्या इंधनभरणीपर्यंत, म्हणजे दीड-दोन वर्षे, कोणी त्याच्याजवळ जात नाही.

अर्थात बसवल्यावर बिघडलेला बोल्ट आणि मुळातच सदोष आलेला बोल्ट यांत फरक केला पाहिजे. न्यूयॉर्कजवळच्या इंडियन पॉइंट केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत 2016 साली अंतर्भागातील 832 बोल्टांपैकी 227 खराब आढळले, ते वर्षानुवर्षांच्या किरणोत्साराने व ताणाने तडकत गेलेले होते. बोरिक आम्लयुक्त पाणी झिरपून पोलादी स्टड खाल्ले जाण्याचे प्रकारही झाले आहेत आणि त्यांवर कमिशनने 1980 पासून सूचना काढल्या आहेत. ती देखभालीची बाब झाली. पहिल्या पत्रातले नट गोदामातच नरम होते, म्हणून तिथे पुरवठादाराने बोलायचे आहे.

प्रश्न : आमचा बोईसरला छोटा कारखाना असून आम्ही एका अमेरिकन व्यापाऱ्याला स्टड पाठवतो. त्यांतले काही तिथल्या अणुवीज केंद्रांत जातात, असे अलीकडे कळले. हा भाग 21 आम्हाला लागू होतो का? तारापूरला माल दिला तर?

उत्तर : आपल्याला आलेल्या पर्चेस ऑर्डरीत काय लिहिले आहे, ते आधी पाहा. अणुवीज केंद्रासाठी ‘मूलभूत घटक’ (सुरक्षिततेशी थेट संबंध असलेला भाग) म्हणून माल मागवणाऱ्याने ऑर्डरीत भाग 21 चा उल्लेख करणे बंधनकारक आहे. तो नसेल, तर बहुधा आपला स्टड साधा बाजारी माल म्हणून विकत घेतला जातो आणि नंतर तिकडे कोणीतरी त्याची विशेष चाचणी करून, किंवा आपल्या कारखान्याचे सर्वेक्षण करून, किंवा माल बनताना समक्ष देखरेख करून, किंवा आपल्या आजवरच्या मालाचा इतिहास पाहून, तो अणुकेंद्राच्या वापरास योग्य ठरवतो. यांपैकी एकाहून अधिक रीतीही वापरतात. ज्याने तसे ठरवले त्याच्यावर दोष कळवण्याची जबाबदारी येते. उल्लेख असेल, तर ती कराराची अट आहे; ती न वाचता सही केली असल्यास आज वाचा, आणि आपल्याकडे विचलन आढळल्याचे खरेदीदाराला कोणत्या मुदतीत कळवायचे ते त्यातून टिपून काढा. उल्लेख नसतानाही चूक लक्षात आली, तर त्या व्यापाऱ्याला हीट नंबर (पोलादाच्या ओतणीचा क्रमांक) आणि लॉट नंबरसह ई-मेल करण्यापासून आपल्याला कोणताही कायदा अडवत नाही.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकने बांधल्या आणि त्या 1969 मध्ये सुरू झाल्या, म्हणून तिथे अमेरिकन नियम चालतात असा समज बोईसर परिसरात आढळतो. तसे नाही. भाग 21 हा अमेरिकन कमिशनच्या अखत्यारीतील केंद्रांपुरता आहे. आपल्याकडील केंद्रांच्या सुरक्षिततेचे नियमन 1983 मध्ये स्थापन झालेली अणुऊर्जा नियामक परिषद करते आणि तारापूरला दिलेल्या मालात खोट आढळल्यास खरेदी-करारात नेमून दिलेल्या गुणवत्ता अधिकाऱ्याला आपण लेखी कळवावे. माल त्यांच्या निरीक्षकाने आपल्या कारखान्यात येऊन पास केला असला, तरीही.